आईबापांवरील एक आरोप आणि त्याचा निकाल

इसवी सन १९३८ मध्यें अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांतल्या फॉरेस्ट या लहानशा गांवीं ऑलिव्हर बीमन ट्रिपलेट नांवाच्या एका वकिलानें आपल्या कचेरींत बसून एक पत्र लिहवून घेतलें. पत्र पुरें झालें तेव्हां त्याचीं ३३ पानें भरलीं होतीं. कोणत्याहि खटल्याची हकीगत त्यांत नव्हती. वकिलाचा पांच वर्षांचा मुलगा डोनल्ड हाच त्या पत्राचा विषय होता, आणि बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत बालकांच्या मनोविकारांचा विभाग चालविणारे डॉक्टर लिओ कॅनर यांस उद्देशून तें लिहिलें होतें.

एखाद्या बापानें आपल्या मुलाविषयीं इतकें विस्तृत आणि इतकें तटस्थ लिहावें हें त्या काळीं विरळाच. मुलगा एक वर्षाचा असतांनाच अनेक गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणत असे. मुळाक्षरें तो सुलट म्हणे तशींच उलटहि म्हणे. शंभरापर्यंत आंकडे आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतील २५ प्रश्नोत्तरें त्याला तोंडपाठ होतीं. परंतु बाप घरीं आला तरी तो मान वर करून पाहत नसे. कुरवाळलें तरी त्याच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटत नसे. ठोकळे, तवे, जें जें म्हणून गोल फिरेल तें तें फिरवीत तो आनंदानें बसे, आणि त्यांत कोणी व्यत्यय आणला कीं आकांत करी. स्वतःविषयीं बोलतांना ‘मी’ न म्हणतां तो ‘तूं’ म्हणे. एकटें असण्यांतच त्याला सुख वाटे.

या पत्रामागें एक दुःखाची कहाणी होती. १९३७ सालीं, मुलगा चार वर्षांचा होण्याच्या आंतच, वैद्यकीय सल्ल्यावरून आईबापांनीं त्याला घरापासून दूर एका संस्थेंत ठेविलें होतें. महिन्यांतून दोनदांच त्याला भेटण्याची मुभा होती. अशा मुलास संस्थेंत ठेवावें आणि शक्य तितक्या लवकर विसरावें, ही त्या काळची रूढ शिकवण होती. मेरी आणि बीमन ट्रिपलेट यांना तें साधलें नाहीं. सुमारें वर्षभरानें, संस्थेच्या चालकांचा विरोध असतांहि, त्यांनीं मुलाला घरीं आणिलें, आणि मग बाल्टिमोरच्या डॉक्टरांचा पत्ता शोधून काढला.

कॅनर हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांतील. १८९४ सालीं जन्मलेले हे गृहस्थ १९२४ सालीं अमेरिकेस आले आणि १९३० सालीं त्यांनीं जॉन्स हॉपकिन्स येथें आपला विभाग उघडला. डोनल्डला त्यांनीं तपासलें, पुन्हांपुन्हां पाहिलें, आणि तरीहि त्यांना कोणत्याहि परिचित रोगाचें नांव देतां येईना. १९४२ सालीं आई मेरी हिनें कळकळीनें विचारलें कीं, माझ्या मुलाला झालें आहे तरी काय? तेव्हां डॉक्टरांनीं प्रांजळपणें कळविलें कीं, आजवर कोणीं वर्णन न केलेली अशी ही अवस्था असून तशीं आणखीहि कांहीं मुलें आपल्या पाहण्यांत आलीं आहेत. पुढल्याच वर्षीं, १९४३ मध्यें, ११ मुलांची हकीगत देणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ८ मुलगे व ३ मुली. त्यांतील पहिला रोगी होता ‘डोनल्ड टी.’, आणि त्याच्या वर्णनाचा मोठा भाग बापाच्या त्या पत्रावरूनच घेतलेला होता.

या अवस्थेसाठीं कॅनर यांनीं योजलेला शब्द अगदीं नवा नव्हता. ग्रीक भाषेंतील ‘स्वतः’ या अर्थाच्या शब्दावरून स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनीं ‘ऑटिझम’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीं घडविला होता. प्रौढ रोगी बाह्य जगाकडे पाठ फिरवून आपल्याच ठायीं बुडून जातात, त्या स्थितीस त्यांनीं तो लाविला होता. मराठींतील ‘स्वमग्नता’ हा शब्द त्याच कल्पनेवर उभारलेला आहे. अशा मुलांचें वर्णनहि पूर्वीं कोणीं केलेंच नव्हतें असें नाहीं. मॉस्कोच्या डॉक्टर ग्रून्या सुखारेवा यांनीं १९२५ सालींच अशा सहा मुलग्यांविषयीं लिहिलें होतें. आणि व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर यांचा निबंध १९४४ सालचा. सुखारेवा यांचें लेखन बराच काळ इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोंचलें नाहीं. आस्पर्गर यांचेंहि युद्धाच्या धामधुमींत तसेंच झालें. नाझी राजवटींत मुलें जेथें मारलीं जात त्या संस्थेकडे आस्पर्गर यांनीं कांहीं बालकें धाडल्याचें कागदपत्रांवरून २०१८ सालीं उघडकीस आलें, तेव्हां त्यांच्या नांवाभोंवतालचा आदरहि ओसरला.

परंतु आईबापांच्या दृष्टीनें पाहिलें तर या इतिहासाचा खरा धागा निराळाच आहे. कॅनर यांच्या त्या पहिल्या निबंधांत परस्परविरोधी अशीं दोन बीजें एकत्र पडलीं होतीं. माणसांशीं स्नेहसंबंध जोडण्याची जी शक्ति इतर बालकें जन्मतः घेऊन येतात ती या बालकांत जन्मतःच उणी असावी, असा निष्कर्ष त्यांनीं शेवटीं काढला. त्याच निबंधांत त्यांनीं असेंहि नमूद केलें कीं, या मुलांच्या आईबापांत मनमोकळीं, प्रेमळ माणसें फारच थोडीं आढळलीं. ११ पैकीं ९ माता महाविद्यालयीन पदवीधर होत्या. बापांत चौघे तर मनोविकारतज्ज्ञच होते.

येथें एक साधी गोष्ट नजरेआड झाली. त्या काळीं बाल्टिमोरच्या नामांकित डॉक्टरांपर्यंत पोहोंचणार कोण? ज्यांच्यापाशीं पैसा होता, शिक्षण होतें, मुलाच्या वागण्याच्या बारीकसारीक नोंदी ठेवण्याची संवय होती, तेच. गरीब घरचें तसेंच मूल ‘वेडसर’ म्हणून कोठें तरी कोंडलें जाई आणि त्याची गणना कोठेंच होत नसे. शिवाय ३३ पानांचें तटस्थ पत्र लिहिणारा बाप हा वाचणाऱ्यास थंड मनाचाहि वाटूं शकतो. ज्या सूक्ष्म निरीक्षणामुळें शास्त्राला रोगाची ओळख पटली, तेंच निरीक्षण पुढें आईबापांच्या शुष्कपणाचा पुरावा ठरलें.

या दोन बीजांपैकीं दुसरेंच आधीं फोफावलें. आश्चर्य हें कीं, १९४१ सालीं याच कॅनर यांनीं मातांची बाजू मांडणारें एक पुस्तक लिहून, विद्वानांच्या उपदेशानें घाबरलेल्या आयांना धीर दिला होता. तेच कॅनर १९४९ सालच्या निबंधांत लिहून गेले कीं, हीं मुलें जणूं न वितळणाऱ्या शीतपेटींत नीटनेटकीं ठेवलेलीं होतीं. त्यांतूनच ‘शीतपेटीसारखी आई’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. फ्रॉइडच्या विचारांचा तो भराचा काळ होता. मुलाच्या मनाच्या प्रत्येक गांठीचें मूळ आईपाशीं शोधण्याची पद्धत पडली होती. आईनें मुलाला मनांतून नाकारलें, म्हणून मुलानें जगाला नाकारलें, अशी ती उपपत्ति.

या मताला सर्वांत प्रभावी वाचा दिली ती ब्रूनो बेटेलहाइम यांनीं. व्हिएन्नांत जन्मलेल्या या गृहस्थांना नाझींनीं १९३८-३९ मध्यें डाखाउ व बूखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबलें होतें. सुटका झाल्यावर ते अमेरिकेस आले आणि १९४४ पासून शिकागो विद्यापीठाच्या आश्रयाखालील मुलांची एक निवासी शाळा चालवूं लागले. छावणींतील कैदी जसे आशा सोडून निर्विकार होत, तशींच हीं मुलें आपल्या घरांत झालीं आहेत, असें साम्य त्यांनीं आपल्या १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकांत मांडलें. या साम्यांत कैद्याच्या जागीं मूल ठेविलें कीं पहारेकऱ्याच्या जागीं कोण येतें, हें सांगण्याची आवश्यकता नव्हती. उपाय काय, तर मुलाला आईबापांपासून तोडणें. पुस्तक पुष्कळ खपलें, विद्वानांनींहि त्याची वाखाणणी केली.

ज्या घरावर हा निवाडा कोसळे तेथें काय घडत असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. मूल रात्र रात्र झोपत नाहीं, हांकेला ओ देत नाहीं, कवेंत घेतलें कीं अंग आखडून घेतें. आणि ज्या तज्ज्ञाच्या दाराशीं आशेनें जावें तो आईलाच विचारतो कीं, हें मूल तुला हवें होतें ना? आईची मनोचिकित्सा वर्षानुवर्षें चाले. मुलाला शिकविण्याचें मात्र राहूनच जाई. बाप मुकाट बसे, आणि धाकटें धडधाकट भावंड हें जणूं आईच्या प्रेमाच्या वांटणींतील अन्यायाची साक्ष होऊन अंगणांत खेळत असे.

हा आरोप मोडून काढण्याचें काम प्रथम हातीं घेतलें तें एका बापानें. बर्नार्ड रिमलंड हे कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें आरमाराच्या नोकरींत असलेले मानसशास्त्रज्ञ. १९५६ सालीं जन्मलेला त्यांचा मुलगा मार्क तान्हेपणापासूनच अखंड रडे आणि कोणाच्या अंगावर राहत नसे. डॉक्टरला उलगडा होईना. शेवटीं रिमलंड यांच्या पत्नी ग्लोरिया यांना आपल्या महाविद्यालयांतील एका जुन्या पाठ्यपुस्तकांत तसेंच वर्णन वाचल्याचें स्मरलें. तें पुस्तक धुंडाळून काढलें तेव्हां त्या दोघांना ‘ऑटिझम’ हा शब्द प्रथम भेटला. त्यानंतर रिमलंड यांनीं या विषयावरील मिळेल तें सारें लिखाण वाचून काढलें. १९६४ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्याला प्रस्तावना लिहिली ती स्वतः कॅनर यांनीं.

रिमलंड यांनीं शोकानें वा संतापानें युक्तिवाद केला नाहीं, पुरावा मागितला. आईच्या थंडपणानें हा विकार होत असेल तर त्याच आईचीं इतर मुलें चांगलीं कशीं? मुलींपेक्षां मुलग्यांत तो कितीतरी अधिक कां? एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकीं दोघांनाहि तो एकदम कसा होतो? कांहीं मुलांत अगदीं जन्मापासून लक्षणें दिसतात, तीं आईच्या कोणत्या वर्तनाचें फळ? आणि आई दुःखी व अलिप्त दिसत असेल, तर तें मुलाच्या स्थितीचें कारण कीं परिणाम? या प्रश्नांना आरोप करणारांपाशीं उत्तर नव्हतें. पुस्तकाच्या शेवटीं त्यांनीं लक्षणांची एक प्रश्नावली जोडली होती. ठिकठिकाणच्या आईबापांनीं ती भरून त्यांच्याकडे धाडली. आपल्यासारखें दुसरें घर जगांत आहे हेंच अनेकांना त्या पत्रव्यवहारानें प्रथम कळलें. १९६५ सालीं न्यू जर्सींतील टीनेक येथें जमून या पालकांनीं आपली राष्ट्रीय संस्था स्थापिली.

इंग्लंडांत हेंच कार्य थोडें आधीं सुरू झालें होतें. १९६२ सालीं लंडनमध्यें कांहीं पालकांनीं संस्था काढली. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांची कन्या सूझी स्वमग्न होती. त्या संस्थेच्या प्रयत्नानें १९६५ सालीं ईलिंग येथें शाळा निघाली व सिबिल एल्गर या बाईंनीं ती नांवारूपास आणिली. १९७९ सालीं लोर्ना विंग व ज्यूडिथ गूल्ड यांनीं लंडनच्या कँबरवेल भागांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कॅनर यांच्या व्याख्येंत चपखल बसणारीं मुलें १०,००० मागें सुमारें ५ च भरलीं. परंतु इतरांत मिसळणें, संभाषण आणि कल्पनाशक्ति या तिन्हीं गोष्टींत अडचण असणारीं मुलें त्यांच्या चौपटीच्या घरांत होतीं. मग ही सरहद्द आंखावी तरी कोठें? त्यांतूनच ‘वर्णपटा’ची कल्पना पुढें आली. इंद्रधनुष्यांतील तांबडा कोठें संपतो आणि नारिंगी कोठें सुरू होतो हें जसें बोट ठेवून सांगतां येत नाहीं, तसेंच हें. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथानें २०१३ सालीं हीच कल्पना स्वीकारून पोटभेदांचीं निरनिराळीं नांवें एकाच नांवाखालीं आणिलीं.

आरोपाचा औपचारिक निकाल लागला तो १९६९ सालीं. अमेरिकन पालकांच्या संस्थेच्या सभेंत वृद्ध कॅनर उभे राहिले आणि समोर बसलेल्या आईबापांस त्यांनीं भर सभेंत निर्दोष म्हणून मुक्त केलें. मूळ दोष जन्मजात असावा असेंच आपण पहिल्यापासून लिहिलें होतें, असेंहि त्यांनीं सांगितलें. तें खरें होतें, पण अर्धेंच. तथापि ज्यांनीं वीस वर्षें तो डाग वागविला होता त्यांना त्या शब्दांचें मोल फार वाटलें. शास्त्रीय पुरावा पुढें १९७७ सालीं आला. सूसन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनीं ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजांडापासून झालेल्या ११ जोड्यांपैकीं ४ मध्यें दोघेहि स्वमग्न होते. दोन बीजांडांपासून झालेल्या १० जोड्यांत असें एकहि उदाहरण नव्हतें. दोन्हीं प्रकारच्या जुळ्यांना आई एकच आणि घरहि एकच. मग हा फरक आनुवंशिकतेवांचून कशानें पडावा? आज या विकासांत अनेक जनुकांचा वांटा असल्याचें सिद्ध झालेलें आहे.

येथेंच कथा संपती तर ती आईबापांच्या निर्भेळ विजयाची झाली असती. परंतु कारण शोधण्याची ओढ मोठी विलक्षण असते. १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत अवघ्या १२ मुलांच्या आधारें एक निबंध आला, आणि गोंवर, गालगुंड व जर्मन गोंवर यांवरील एकत्रित लसीवर संशय गेला. रिमलंड यांच्यासारखा पुराव्याचा आग्रही मनुष्यहि उतारवयांत लसीविषयींच्या संशयाच्या बाजूला झुकला. मोठमोठ्या पाहण्यांनीं तो संशय खोटा ठरविला आणि २०१० सालीं तो निबंध मागें घेण्यांत आला. तोंवर कित्येक मुलें लसीवांचून राहिलीं होतीं. आपल्यावरील खोट्या आरोपांतून सुटलेला मनुष्य दुसरा आरोपी शोधूं लागतो, आणि त्या शोधांत तोहि चुकूं शकतो.

आणखी एक आवाज उरला होता, आणि तो सर्वांत उशिरा ऐकूं आला. १९९३ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें भरलेल्या परिषदेंत जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या व्यक्तीनें पालकांसमोर भाषण केलें. त्याचा आशय असा कीं, तुमचा शोक खरा आहे, परंतु तो ज्या मुलाची तुम्हीं वाट पाहिलीत आणि जें आलेंच नाहीं त्याच्यासाठीं आहे. जें मूल तुमच्यासमोर उभें आहे त्याला त्या शोकाच्या ओझ्याखालीं वाढवूं नका. तोंवरच्या साऱ्या वादांत फिर्यादी होते, आरोपी होते, वकील होते. ज्यांच्याविषयीं हा खटला चालला होता त्यांस साक्षीला कोणीं बोलाविलेंच नव्हतें.

आपल्या देशांतहि मार्ग पालकांनींच मोकळा केला. दिल्ली येथील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ सालीं मेरी बरुआ यांनीं काढली; त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत स्वमग्नतेचा उल्लेख झाला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्थान मिळालें. कायद्याचें दार असें उघडलें. घरांतलें मात्र अनेकदां अडूनच राहतें. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत आजहि आजी म्हणते, याचा बापसुद्धां उशिराच बोलायला लागला होता. आणि निदानाचा कागद हातीं आला कीं तीच कुजबूज निराळ्या शब्दांत सुरू होते. गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं, आई नोकरीला जाते, मुलाच्या हातीं मोबाइल दिला. शीतपेटीची उपमा विस्मृतींत गेली, तरी बोट वळतें तें आईकडेच. ज्या आरोपाचा निकाल १९६९ सालीं लागला, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुन्हां पुन्हां दाखल होतो.

अशा घरास डोनल्ड ट्रिपलेट याचें पुढील आयुष्य ठाऊक असावें. १९४२ सालीं आईबापांनीं त्याला गांवाबाहेर एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे ठेविलें. मोजण्याची त्याची हौस त्या साध्या माणसांनीं मोडली नाहीं. मक्याच्या शेतांत नांगरतांना तो ओळी मोजी, आणि ओळी मोजतां मोजतां नांगरणी होई. १९४५ सालीं कॅनर स्वतः तेथें जाऊन हें पाहून आले. पुढें तो गांवच्या शाळेंत गेला, १९५८ सालीं मिलसॅप्स महाविद्यालयाचा पदवीधर झाला, आईच्या माहेरच्यांशीं संबंध असलेल्या गांवच्या बँकेंत त्यानें नोकरी केली, मोटार चालविली, गोल्फ खेळला आणि एकट्यानें दूरदूरचे प्रवास केले. सर्वच मुलांचें असें होत नाहीं, आणि ट्रिपलेट घराण्यापाशीं पैसा व प्रतिष्ठा होती हें विसरून चालणार नाहीं. पण गांवानें त्याला त्याच्या तऱ्हेसह आपला म्हटलें, हेंहि तितकेंच खरें. जून २०२३ मध्यें, वयाच्या ८९ व्या वर्षीं, तो फॉरेस्ट येथेंच निवर्तला.

त्या ३३ पानांत बापानें आपल्या मुलावर निवाडा दिला नव्हता, आणि स्वतःवरहि दिला नव्हता. मुलगा काय करतो, कशानें हंसतो, कशानें भितो, एवढेंच त्यानें पाहिलें आणि जसें दिसलें तसें लिहिलें. निदानाचा कागद हातीं आलेल्या आईबापांस आजहि आरंभ करावयाचा तो तेथूनच.